काळोखातल्या वंशावळी : रने झानेल

गुहा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा उभा राहतो, वेरूळ उभे राहते, कार्ले-भाजे येते. पण ती लेणी माणसाने छिन्नीने कोरलेली आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून निसर्गाने त्याच्या पोटात मैलोगणती भुयारे खोदलेली नाहीत. तशी भुयारे होतात ती चुनखडीच्या मुलखात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि चुनखडीच्या भेगा हळूहळू रुंदावत नेते. लाखो वर्षांनी त्या भेगांच्या गुहा होतात. आत सूर्य कधीच पोहोचत नाही. ऋतू बदलल्याचेही तिथे फारसे कळत नाही. हवा बाराही महिने सारख्याच गारव्याची आणि ओलाव्याने भरलेली. हिरवी वनस्पती नाही, फूल नाही, पान नाही. अशा ठिकाणी कोणी जन्मभर राहत असेल, तिथेच पिल्ले घालत असेल, तिथेच मरत असेल, हे सहसा कुणाच्या मनातही येणार नाही.

तरीही राहतात. आणि त्यांच्यात काही भुंगेरे आहेत. भुंगेरा म्हणजे बागेत फुलांवर गुणगुणणारा भुंगा नव्हे. जमिनीवर, दगडाखाली, पालापाचोळ्यात पळत शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांचे एक मोठे कुल आहे, आणि त्यातल्या ‘ट्रेकिनी’ नावाच्या उपकुलातील बरीच मंडळी गुहावासी झाली आहेत. लांबी बहुधा तीन ते आठ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी-जास्त. अशा दाण्याएवढ्या जिवांच्या वंशावळी लावण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्या रने झानेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही ओळख. कलाशाखेच्या वार्षिकात किड्यांचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण झानेल यांचे खरे काम किड्यांपेक्षा इतिहासाचे होते. फक्त त्यांची कागदपत्रे सहा पायांची होती.

झानेल यांच्या आधीची थोडी हकीकत सांगणे भाग आहे. १८३१ साली आजच्या स्लोव्हेनियातील पोस्तोय्ना येथील प्रसिद्ध गुहेत दिव्यांची देखभाल करणारा लुका चेच नावाचा एक साधा माणूस होता. त्याला तिथे एक चमत्कारिक किडा सापडला. पोट काचेच्या मण्यासारखे फुगीर, मान बारीक, पाय लांबलचक, आणि डोळे अजिबात नाहीत. ल्युब्ल्याना शहरातील फर्डिनांड श्मिट या कीटकवेड्या व्यापाऱ्याने १८३२ साली त्याचे वर्णन छापले. नाव ठेवले ‘लेप्टोडायरस’. गुहेचा कायमचा रहिवासी असलेला कीटक शास्त्राच्या नोंदीत आला तो हा पहिला. तो आपल्या ट्रेकिनींपैकी नव्हता, वेगळ्या कुलातला होता. पण त्याने दार उघडले. पुढे श्मिट यांनीच त्या परिसरात गुहावासी, आंधळा, पळणारा शिकारी भुंगेराही शोधला. १८४४ साली श्टुर्म यांनी त्याला ‘ॲनॉफ्थाल्मस’ म्हटले, म्हणजे ‘डोळे नसलेला’. गंमत अशी की त्याच वर्षी, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत टेलकाम्फ नावाच्या जर्मन डॉक्टरने पकडलेला असाच एक आंधळा भुंगेरा बर्लिनच्या एरिक्सन यांनी वर्णिला. मग काय, युरोपभर गुहांत शिरून भुंगेरे पकडण्याची एक लाटच आली. पिरेनीज पर्वत, आल्प्सचे दक्षिण उतार, बाल्कनचा मुलूख, जिथे चुनखडी तिथे संग्राहक. ज्याला डोळे नाहीत तो ॲनॉफ्थाल्मस, असा साधारण हिशेब होता. नावे वाढत गेली, नाते मात्र कुणाचे कुणाशी ते कळेना.

रने झानेल यांचा जन्म १८७९ साली पॅरिस येथे झाला. घरात वैद्यकाची परंपरा होती आणि त्यांनीही वैद्यकाचेच शिक्षण घेतले. पण त्यांचे मन रमले ते पिरेनीज पर्वताच्या गुहांत. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या या पर्वतराजीत चुनखडीचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पोटात शेकडो गुहा. त्या गुहांत ‘अफेनॉप्स’ नावाचे भुंगेरे राहतात. ट्रेकिनींमध्ये याच्याइतका देखणा प्राणी क्वचितच असेल. मधाच्या रंगाचे, जवळजवळ पारदर्शक अंग, बारीक लांबट डोके, शरीराइतक्या लांब मिशा, कोळ्यासारखे पाय. ओल्या भिंतीवरून तो असा सरकतो की दिव्याच्या उजेडात आधी त्याची सावली दिसते आणि मग तो. ज्या माणसाने एकदा अफेनॉप्स पाहिला त्याला दवाखान्यात बसून नाडी पाहणे जड जात असेल, यात नवल नाही.

याच सुमारास झानेल यांच्या आयुष्यात एमिल राकोवित्सा आले. हा रुमानियन माणूस वयाने त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा. १८९७ ते १८९९ या काळात ‘बेल्जिका’ जहाजावरून अंटार्क्टिकावर गेलेल्या, बर्फात अडकून तिथेच हिवाळा काढलेल्या तुकडीतला तो निसर्गशास्त्रज्ञ. पुढे भूमध्य समुद्राकाठच्या बान्यूल्स येथील सागरी प्रयोगशाळेत तो काम करीत होता. १९०४ साली माजोर्का बेटावरील द्राक गुहेत तो गेला आणि तिथल्या भूमिगत तळ्यात त्याला एक लहानसा आंधळा, रंगहीन कवचधारी प्राणी सापडला. त्या एका प्राण्यापायी समुद्र सोडून राकोवित्सा यांनी पुढचे आयुष्य गुहांना वाहिले. १९०७ साली त्यांनी गुहेतील जीवसृष्टीचे प्रश्न मांडणारा एक मोठा निबंध छापला, आणि त्याच वेळी झानेल यांच्याबरोबर ‘बायोस्पेओलॉजिका’ नावाचा उपक्रम सुरू केला.

या उपक्रमाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तोवर गुहेत जाणारा माणूस एक तर साहसी असे किंवा संग्राहक. भुंगेरेवाला भुंगेरे उचली, शंखवाला शंख उचली, बाकीचे तिथेच राही. राकोवित्सा आणि झानेल यांनी ठरवले की गुहेत जे जिवंत सापडेल ते सगळे गोळा करायचे. प्रत्येक गुहेला क्रमांक. ती कुठे आहे, कोणत्या तारखेला पाहिली, आत काय स्थिती आहे, कोणता प्राणी कुठे मिळाला, सगळे टिपून ठेवायचे. मग कोळी कोळ्यांच्या जाणकाराकडे, गोमा गोमांच्या जाणकाराकडे. कोळ्यांचे काम त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार एझेन सिमाँ यांनी केले. भुंगेरे अर्थात झानेल यांनी स्वतःकडे ठेवले. पाहिलेल्या गुहांच्या याद्या वर्षामागून वर्ष छापल्या जात राहिल्या आणि गुहांची संख्या पुढे हजाराच्या वर गेली. यातले श्रम आज बसल्या जागी वाचताना लक्षात येत नाहीत. हातात उघड्या ज्योतीचा दिवा, अंगावर चिखल, सरपटत जाण्याच्या वाटा, आणि दिवसभराच्या मेहनतीनंतर बाटलीत कदाचित दोन भुंगेरे. कधी एकही नाही. कारण हे प्राणी मुळातच थोडे असतात, आणि गुहेतून माणूस जाऊ शकतो तेवढीच काही त्यांची राहण्याची जागा नसते. ती तर असते खडकातल्या असंख्य बारीक भेगांत.

१९११ साली झानेल यांनी ‘बॅथिसिनी’ या दुसऱ्या एका गटाच्या गुहावासी भुंगेऱ्यांची संपूर्ण पुनर्मांडणी प्रसिद्ध केली. लेप्टोडायरस याच गोतावळ्यातला. त्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी शार्ल आल्युओ या सहकाऱ्याबरोबर ते पूर्व आफ्रिकेला गेले आणि किलिमांजारो, केनिया या पर्वतांच्या उंच थंड माथ्यांवरून ट्रेकिनी भुंगेरे घेऊन १९१२ मध्ये परतले. विषुववृत्तावर, हत्ती-सिंहांच्या मुलखाच्या डोक्यावर, युरोपातल्या थंड डोंगरांवरच्या भुंगेऱ्यांचे भाऊबंद! हे तिथे कसे पोहोचले, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. त्यानंतर पहिले महायुद्ध आले.

युद्ध संपले तेव्हा ट्रान्सिल्व्हेनियाचा प्रदेश रुमानियाकडे आला होता. तेथील क्लूज शहरातल्या विद्यापीठात राकोवित्सांना बोलावणे आले. त्यांनी एक अट घातली: केवळ गुहाविज्ञानासाठी स्वतंत्र संस्था हवी. १९२० साली ती स्थापन झाली, जगातली अशा प्रकारची पहिली. झानेल आपल्या मित्राच्या मागे क्लूजला गेले. स्विस शास्त्रज्ञ शाप्वी हेही तिथे होते. एक रुमानियन, एक फ्रेंच, एक स्विस. नुकत्याच संपलेल्या युद्धाच्या राखेवर बसून तिघे मिळून काळोखातल्या प्राण्यांचा अभ्यास करीत होते. झानेल १९२७ पर्यंत तिथे राहिले. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतल्या गुहा त्यांनी पालथ्या घातल्या आणि येथेच त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाने आकार घेतला.

ते काम म्हणजे ट्रेकिनींचा बृहद्ग्रंथ. १९२६ ते १९३० या वर्षांत तो भागाभागांनी निघाला. त्यात जगभरच्या साऱ्या ट्रेकिनींची मांडणी आहे. आता या कामात अवघड काय होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी हे कळायचे नाही.

आपल्याकडे कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी येतात. घराण्याची वंशावळ त्यांच्यापाशी असते. कोण कुठून आला, कोणाची शाखा कुठे गेली, हे ते सांगतात. समजा, गावातल्या पंचवीस घराण्यांनी एकाच प्रकारचा पोशाख घातला, एकाच प्रकारची मिशी राखली, एकच बोली धरली आणि आडनावही एकच लावले, तर परक्या माणसाने त्यांची वंशावळ कशी लावावी? गुहेतल्या भुंगेऱ्यांचे नेमके हेच झाले होते. काळोखाची एकच शाळा, आणि त्या शाळेचा गणवेशही एकच. डोळे जातात, रंग जातो, पंख जातात, पाय आणि मिशा लांबतात, अंग बारीक होते. पिरेनीजमधला भुंगेरा आणि केंटकीतला भुंगेरा यांचे चेहरेमोहरे इतके मिळतेजुळते की बघणाऱ्याने त्यांना सख्खे भाऊ म्हणावे. वास्तविक प्रत्येकाचे पूर्वज आपापल्या डोंगरावरचे, डोळस, ओल्या जंगलात राहणारे. प्रत्येक जण स्वतंत्रपणे काळोखात उतरला आणि तिथे सारखा दिसू लागला. म्हणजे ज्या लक्षणांवरून आपण चटकन ओळखतो ती लक्षणे गुहेने दिलेली, आईबापांनी दिलेली नव्हेत. वर्गीकरणाला तीच सर्वांत निरुपयोगी.

मग उपयोगी कोणती? झानेल यांनी दोन गोष्टींवर भर दिला. एक म्हणजे अंगावरील ताठ केस. डोक्यावर, पाठीच्या ढालीवर, कवचासारख्या पंखांवर ठरावीक जागी ठरावीक संख्येने केस असतात. त्यांची मांडणी वंशपरंपरेने बरीच टिकून राहते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नराचे जननांग शरीराच्या आत दडलेले असते, गुहेच्या ओलाव्याचा किंवा अंधाराचा त्याच्या घडणीशी काही संबंध नसतो. म्हणून पूर्वजांची खूण तिथे शिल्लक राहते. तीन-चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचे पोट सुईने उघडायचे, ते इवलेसे अंग बाहेर काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचे चित्र काढायचे. एक नव्हे, हजारो वेळा. झानेल चांगले चित्रकारही होते, आणि हे काम हाताच्या स्थैर्याचे होते. या पद्धतीचे एकटे तेच जनक असे म्हणणे धाडसाचे होईल, पण भुंगेऱ्यांच्या अभ्यासात ती रूढ झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हातारपणी, १९५५ साली, त्यांनी केवळ या एका अवयवावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

या कसोटीवर घासले तेव्हा जुना ढीग फुटला. केवळ डोळे नाहीत म्हणून ॲनॉफ्थाल्मसच्या पंगतीला बसवलेल्या मंडळींची वेगवेगळी कुळे निघाली. अमेरिकेतल्या आंधळ्यांना झानेल यांनी १९२० मध्ये ‘स्यूडॲनॉफ्थाल्मस’ असे नाव दिले, म्हणजे ‘खोटा ॲनॉफ्थाल्मस’. टेलकाम्फ यांनी मॅमथ केव्हमध्ये पकडलेला भुंगेरा तर दिसायला थेट पिरेनीजच्या अफेनॉप्ससारखा. त्याला त्यांनी ‘निअफेनॉप्स’ म्हटले, नवा अफेनॉप्स. नाव जवळचे, नाते लांबचे. (या निअफेनॉप्सची एक खोड पुढच्या काळात अभ्यासकांनी शोधून काढली. गुहेतले रातकिडे वाळूत अंडी पुरून ठेवतात. हा आंधळा पठ्ठ्या ती जागा हुडकतो, वाळू उकरतो आणि अंडे फोडून खातो. डोळस चोरालाही एवढे जमणार नाही.)

१९२८ साली झानेल स्वतः अमेरिकेला गेले. बरोबर स्पॅनिश कीटकशास्त्रज्ञ कांदिदो बोलिवार होते. दोघांनी तिथल्या गुहा पाहिल्या आणि संग्रह केला. या बोलिवारांना पुढे स्पेनच्या यादवी युद्धामुळे देश सोडावा लागला. मेक्सिकोत जाऊन त्यांनी तिथल्या गुहांमधल्या आंधळ्या ट्रेकिनींचा अभ्यास केला. माणसे देशोधडीला लागली, पण आपले भुंगेरे त्यांनी सोडले नाहीत.

१९२७ नंतर झानेल पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात होते. आधी तिथल्या जिवंत कीटक-सरपटणाऱ्यांच्या दालनाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, १९३१ पासून कीटकशास्त्राचे प्राध्यापकपद. १९३२-३३ मध्ये इथियोपियाच्या दक्षिणेला ओमो नदीच्या खोऱ्यात गेलेल्या मोहिमेत ते होते. १९३९ च्या आरंभी तर साठीच्या उंबरठ्यावर असताना ते जहाजाने केर्गेलेन आणि आसपासच्या दक्षिण महासागरातील वादळी बेटांवर जाऊन आले. त्या बेटांवर अशा माश्या आहेत की ज्यांना पंखच नाहीत. गुहेत डोळे गेलेले, बेटावर पंख गेलेले. झानेल यांना हा सगळा एकाच गोष्टीचा विस्तार वाटत असणार. ते परतले आणि काही महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले.

पॅरिसवर जर्मनांचा ताबा असतानाच्या वर्षांत त्यांनी दोन पुस्तके लिहिली. १९४२ सालच्या पुस्तकात पृथ्वीवरील भूचरांच्या समूहांचा उगम सांगितला आहे आणि १९४३ सालच्या छोट्या पुस्तकात गुहेतल्या प्राण्यांना जिवंत जीवाश्म म्हटले आहे. पहिल्या पुस्तकात आपल्या दृष्टीने एक विशेष गोष्ट आहे. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९१२ साली मांडले होते की खंडे एकेकाळी जोडलेली होती आणि नंतर सरकत दूर गेली. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी या कल्पनेची टर उडवली होती. खंडे सरकतील कशाने, हा त्यांचा प्रश्न, आणि वेगेनरपाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. झानेल यांच्यापाशीही नव्हते. पण त्यांच्यापाशी भुंगेरे होते. दक्षिण अमेरिकेचे टोक, टास्मानिया, न्यूझीलंड येथल्या भुंगेऱ्यांची नाती एकमेकांशी जुळतात. पंख नसलेला, ओलाव्याबाहेर काही वेळातच मरणारा, दगडाखाली राहणारा प्राणी महासागर ओलांडून गेला असे मानणे अवघड. तेव्हा जमीनच सरकली असली पाहिजे. या जुन्या दक्षिण खंडाला भूशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. ते नाव आपल्याच मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून घेतलेले आहे. चांद्याच्या आणि देवगडच्या गोंड राजांचा मुलूख तो हाच. पॅरिसच्या संग्रहालयात बसून दक्षिण गोलार्धातल्या भुंगेऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला पानोपानी हे नाव लिहावे लागले.

युरोपातही त्यांनी हीच दृष्टी लावली. कॉर्सिका-सार्डिनिया आणि पिरेनीज यांच्या गुहावासी भुंगेऱ्यांत त्यांना नाते दिसले, आणि एकेकाळी हे प्रदेश एकाच भूमीचे भाग होते असे त्यांनी मांडले. ही बेटे पश्चिमेकडच्या किनाऱ्यापासून सुमारे तीस दशलक्ष वर्षांपूर्वी तुटून फिरत आजच्या जागी आली, हे पुढे भूशास्त्राने सिद्ध केले.

इथे त्यांच्या विचारांचा एक कच्चा दुवाही सांगितला पाहिजे. डोळे का गेले? डार्विनने स्वतः १८५९ च्या ग्रंथात गुहेतल्या आंधळेपणाचे कारण अवयव न वापरणे हेच दिले होते. निवडीचे नेहमीचे तत्त्व इथे त्याने फारसे लावले नाही. फ्रान्समध्ये तर लामार्कचा वारसा प्रबळ होता, आणि राकोवित्सा व झानेल दोघेही त्याच वातावरणात वाढलेले. न वापरलेला अवयव झिजतो आणि ती झीज पुढच्या पिढीकडे जाते, वंश जसे उगवतात तसे म्हातारेही होतात, असा काहीसा तो विचार. आनुवंशशास्त्राने तो टिकू दिला नाही. आज असे समजतात की काळोखात डोळे बिघडवणारे उत्परिवर्तन झाले तरी त्याची शिक्षा मिळत नाही, त्यामुळे असे बिघाड साठत जातात. शिवाय उपाशी जगात डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग पोसणे हा फुकटचा खर्च ठरतो. झानेल या वादात चुकीच्या बाजूला होते. पण दुसरी एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली होती. गुहेत शिरण्यापूर्वीच हे प्राणी अर्धे गुहावासी होते: ओल्या, थंड जंगलाच्या मातीत, पालापाचोळ्याखाली, उजेड टाळून राहणारे. हवामान कोरडे होत गेले, हिमयुगे आली-गेली, जंगले हटली. ज्यांना वरचे जग सोसवेना ते ओलाव्यामागे खाली खाली गेले. गुहा ही त्यांची आश्रयाची जागा. जीवाश्म म्हणजे मेलेला पुरावा. हे मात्र पळणारे, अंडी घालणारे पुरावे होते.

युद्धाने क्लूजच्या संस्थेचेही हाल केले. १९४० साली उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला देण्यात आला, राकोवित्सांना शहर सोडून तिमिश्वाराला जावे लागले. संस्था सांभाळायला स्विस नागरिक असलेले शाप्वी मागे राहिले. युद्धानंतर राकोवित्सा परतले आणि १९४७ मध्ये क्लूजलाच वारले. झानेल यांनी तिकडे फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याशी मूलिस गावी भूमिगत प्रयोगशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. १९४८ साली ती सुरू झाली, खऱ्या गुहेच्या आत. तिथे प्रथमच गुहेतले भुंगेरे पाळून त्यांची आयुष्ये पाहता आली. एका बॅथिसिनी जातीची मादी एका वेळी एकच मोठे अंडे घालते, त्यातून निघालेली अळी काहीही न खाता मातीच्या कोठडीत स्वतःला कोंडून घेते आणि तिथेच कात टाकून भुंगेरा होते, हे तेव्हा कळले. मेलेल्या, टाचणीला लावलेल्या नमुन्यांवरून हे कधी कळले नसते.

१९५० साली झानेल पॅरिसच्या संग्रहालयाचे संचालक होते. १९६५ मध्ये त्यांचे पॅरिसलाच निधन झाले. त्याच सुमारास समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागत होता आणि खंडे सरकतात हे भूशास्त्रज्ञ अखेर मान्य करू लागले होते.

त्यांच्यामागे काय झाले तेही थोडक्यात. १९८० साली मूलिसच्या मंडळींनी दाखवले की गुहावासी म्हटले जाणारे कितीतरी भुंगेरे डोंगरउतारावरच्या दगडांच्या राशीखाली, मातीच्या थराखालच्या फटींत राहतात. गुहा ही त्यांच्या राज्याची खिडकी. तिथून आपण डोकावतो एवढेच. २०१० साली पिरेनीजच्या ट्रेकिनींच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यात दिसले की तिथले सगळे खास भूमिगत ट्रेकिनी एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, पण झानेल यांनी आणि त्यांच्यामागून इतरांनी पाडलेल्या प्रजातींच्या सीमा मात्र बऱ्याच ठिकाणी टिकत नाहीत. अफेनॉप्सचे ते देखणे सडपातळ रूप एकाच घराण्यात पुनःपुन्हा, वेगवेगळ्या शाखांत निपजले होते. म्हणजे गुहेचा गणवेश ओळखून बाजूला ठेवायला ज्यांनी जगाला शिकवले त्यांनाही त्या गणवेशाने काही ठिकाणी चकवले.

झानेल यांच्या भुंगेऱ्यांना एक विचित्र प्रसिद्धीही मिळाली. स्लोव्हेनियातील एका ॲनॉफ्थाल्मसला १९३७ साली ऑस्कर शाइबेल या संग्राहकाने हिटलरचे नाव दिले. नामकरणाचे नियम असे की एकदा रीतसर छापलेले नाव केवळ अप्रिय झाले म्हणून बदलत नाही. त्या नावापायी हौशी लोक पैसे मोजू लागले आणि गुहांतून त्या बिचाऱ्या आंधळ्या जिवाची चोरटी पकड होऊ लागली. त्याला ना डोळे, ना हिटलर माहीत.

आपल्याकडे बस्तरमध्ये कोटमसरची चुनखडीची गुहा आहे. तिच्या पाण्यात फिकट, डोळे खंगलेले छोटे मासे राहतात. पुण्याच्या परिसरातून १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी वर्णिलेल्या डोळस माशाच्या जातीतच त्यांना धरले गेले आहे. काळोखात उतरणारा आणि वर राहिलेला, दोघे भाऊ अजून दोन्ही ठिकाणी आहेत. अमेरिकेतल्या ‘खोट्या ॲनॉफ्थाल्मस’च्या जाती आता दीडशेच्या घरात गेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक एकेका गुहेपुरत्याच माहीत आहेत. गुहेच्या वरची जमीन बुजवली, वरून सांडपाणी झिरपले, की ती जात जगातून जाते. आणि काही जाती तर पहिल्यांदा पकडल्यानंतर अनेक दशके कुणाला पुन्हा दिसलेल्या नाहीत.